मुंगीने देऊन टाकलेला वाढदिवस

वजनमापं तपासणाऱ्या खात्यात एक निरीक्षक होता. दुकानांतले तराजू, पेट्रोलपंपावरची मापं, कापडवाल्याची मीटरपट्टी, असं सगळं तपासत तो दिवसभर हिंडायचा. हातात कायम एक पेटी असायची. तिच्या मखमली कप्प्यांत पितळी प्रमाण वजनं ओळीने बसवलेली असायची, आणि ती पेटी लांबून दिसली की दुकानदार घाईघाईने तराजू पुसायला लागायचे. खात्यात त्याला खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे त्याला 'बिनचूक' म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि पुढे पुढे टेबलावरची पत्रंसुद्धा त्याच नावाने येऊ लागली. त्याला त्याचा राग आला नाही. त्याने ते विशेषण सगळ्या बाजूंनी तपासून बघितलं होतं आणि ते बरोबर होतं.

त्याला मुलगी झाली तेव्हा प्रसूतिगृहातली नर्स म्हणाली, "दोन किलो एकशे चाळीस ग्रॅम. अभिनंदन!"

बिनचूकने बाळाकडे बघितलं. मग काट्याकडे बघितलं. मग "एक मिनिट हं" म्हणून खाली गेला आणि गाडीतून पेटी घेऊन आला. काटा चाळीस ग्रॅम जास्त दाखवत होता.

"दोन किलो शंभर," तो समाधानाने म्हणाला.

"अहो, बाळ हातात घेताय का," नर्स म्हणाली, "का त्या पेटीत ठेवू?"

बाळ इतकं इवलंसं होतं, की बायकोने पहिल्याच दिवशी तिला 'मुंगी' म्हटलं आणि ते नाव चिकटलं. बायको मोटार चालवायला शिकवायची. शिकाऊ माणसाच्या शेजारच्या जागेवर तिच्या पायाखाली एक जादा ब्रेक असायचा. बारा वर्षांत त्या ब्रेकची तिला एवढी सवय झाली होती, की घरातसुद्धा कोणी भलतंसलतं बोललं की तिचा उजवा पाय टेबलाखाली धाडकन दाबला जायचा. बिनचूकला तो आवाज चांगला ओळखू यायचा.

स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर दर महिन्याच्या एक तारखेला तो मुंगीची उंची नोंदवायचा. टोकदार पेन्सिल, डोक्यावर धरायला काटकोनी गुण्या, तारीख, सेंटीमीटर. पण उंचीवजनाच्या पलीकडे मुंगीत जे काही वाढत होतं, त्याला कुठलं माप लावावं ते त्याला समजेना. दोन वर्षांची असताना तिला 'नाही' हा शब्द सापडला, आणि पुढचे सहा आठवडे तिने दुसरा शब्द वापरलाच नाही. पाणी हवं असलं तरी "नाही" म्हणायचं आणि पेल्याकडे बोट दाखवायचं. तिसऱ्या वर्षी तिने घरातल्या खुर्च्यांना कामं वाटून दिली. एक वाट बघायची, एक विचार करायची, एक रागवायची. बिनचूक एकदा रागवायच्या खुर्चीत बसून काहीतरी आठवून हसला, तर तिने त्याला दंडाला धरून उठवलं. चौथ्या वर्षी तिने खोटं या गोष्टीचा निकालच लावून टाकला. तिच्या मते जगात दोनच प्रकार होते, खरं आणि अजून न झालेलं. "मी काल चंद्राला हात लावला" हे अजून न झालेलं. "मी ताटातलं सगळं संपवलं" हे तर फारच अजून न झालेलं.

आणि दिलेला शब्द! एकदा तिने अंगणातल्या गोगलगाईला "मंगळवारी येते हं" असं सांगितलं होतं. मंगळवारी तिला सडकून ताप भरला. तरी अंगाभोवती दुलई गुंडाळून ती जिना उतरून गेली, भिंतीपाशी दोन मिनिटं उभी राहिली आणि वर येऊन पुन्हा झोपली.

"अगं, गोगलगाईला काय कळतंय मंगळवार?" आई म्हणाली.

"मला कळतो ना," मुंगी म्हणाली.

हे कुणाकडून आलं, असा बिनचूकला प्रश्न पडायचा. नाक आईचं होतं, कान त्याचे होते. पण हे?

पाचव्या वाढदिवसाला नऊ दिवस उरले तेव्हा बिनचूकने यादी करून ठेवली होती. मुलं सोळा, फुगे अठरा, त्यातले दोन फुटतील असं धरून. रात्रीच्या जेवणाला बसल्यावर त्याने यादी पुढे ओढली.

"मुंगे, केक कसला आणू या? गाडीचा, फुलाचा का मांजरीचा?"

मुंगी ताटाच्या कडेने वाटाणे ओळीत लावत होती. "मला काय विचारतोस? कुलूपआजोबांना विचार."

"का? त्यांना केक करता येतो?"

"वाढदिवस त्यांचा आहे."

"कुठला?"

"माझा," मुंगी म्हणाली. मग बाबाला नीट समजावं म्हणून तिने वाटाणा खाली ठेवला. "माझा होता. मी देऊन टाकला."

टेबलाखाली ब्रेक लागला.

कुलूपआजोबा म्हणजे तळमजल्यावर एकटे राहणारे म्हातारे कुलूपवाले. अख्ख्या गल्लीची कुलपं त्यांच्या हातून गेलेली, पण त्यांच्या स्वतःच्या दाराला तीन कुलपं होती आणि ती उघडून आत बोलावलंय असं इमारतीत कोणाच्याही बाबतीत घडलं नव्हतं. कोणी "काय काका, बरंय ना?" विचारलं तर ते "कुणाचं?" असं विचारत. ऊन असलं की जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून ते कानशीने किल्ल्या घासत, आणि मुंगी दुसऱ्या पायरीवर बसून बघत असे. त्या दोघांत एवढं काही बोलणं होत असेल असं कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"त्यांना वाढदिवसच नाहीये," मुंगी सांगू लागली. "कागदावर आहे एक, पण तो शाळेतल्या कारकुनाने भिंतीवरची तारीख बघून टाकला. खरा कुणालाच माहीत नाही. आणि केक तर कधीच नाही. मग मी म्हटलं, माझा घ्या. माझे चार झालेत."

"अगं, पण वाढदिवस असा दुसऱ्याला देता येत नाही," बिनचूक म्हणाला.

"दिला की," मुंगी म्हणाली आणि वाटाणे खायला लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बिनचूक तळमजल्यावर गेला. मोठी माणसं आपसांत बोलतील, हसतील आणि विषय मिटेल, अशी त्याची कल्पना होती. कुलूपवाल्यांनी तीनही कुलपं उघडली आणि दार वीतभर किलकिलं केलं.

"काका, आमच्या मुंगीने काहीतरी गंमत केलीय..."

"गंमत नाही. वाढदिवस दिलाय," कुलूपवाले म्हणाले. "बरं झालं आलात. केकचं विचारायचं होतं. मांजरीचा मिळतो म्हणे?"

"काका, ती लहान आहे हो. तिला कळत नाही ती काय देतेय."

"मला कळतंय ना मी काय घेतोय! मी दोनदा विचारलं तिला. म्हटलं, बाई, नीट विचार कर. तिने केला. एक अख्खा दिवस केला." त्यांनी दार आणखी हातभर उघडलं. आत भिंतीवर एक कागद चिकटवला होता. त्यावर लाल खडूने मोठा पाच काढला होता, उलटा, आणि खाली दोन सह्या होत्या. एक कुलूपवाल्यांची, दुसरी म्हणजे मुंगीने काढलेलं सहा पायांचं चित्र.

"पण असा नियम नाही," बिनचूक म्हणाला.

"देऊ नये असा आहे?"

आता हा प्रश्न दुसऱ्या कोणाला विचारला असता तर तो हसून निघून गेला असता. बिनचूक मात्र घरी येऊन रात्रभर त्यावर विचार करत राहिला. सकाळी कचेरीत गेल्यावर त्याने नियमांची सगळी पुस्तकं काढली. दुपारपर्यंत शेजारच्या टेबलावरचे दोघेही कामाला लागले. एकाचं म्हणणं, वाढदिवस ही वस्तू आहे. दुसऱ्याचं म्हणणं, सेवा आहे. वस्तू असेल तर वजन, लांबी किंवा आकारमान हवं. शेवटी प्रकरण मोठ्या साहेबांकडे गेलं. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ छताकडे बघितलं आणि शेरा मारला: "विषय तोलता येत नाही. सबब खात्याच्या कक्षेबाहेर. मुलीला शुभेच्छा." मग जरा थांबून त्यांनी 'मुलीला' खोडलं आणि वर 'संबंधितांना' असं लिहिलं.

"आता काय करायचं?" बिनचूकने बायकोला विचारलं.

"मांजरीचा केक आणायचा," ती म्हणाली.

"म्हणजे तुला हे पटतंय?"

"मला काहीच पटत नाहीये. पण शिकाऊ माणूस पूर्ण जोर लावून वळण घेत असला ना, की मध्येच चाक धरायचं नसतं. गाडी उलटते. नुसतं ब्रेकवर पाय ठेवून बसायचं."

वाढदिवसाच्या दिवशी बरोबर चार वाजता कुलूपवाले वर आले. काळा कोट, चकचकीत बूट, केस पाणी लावून चप्प बसवलेले. कोटाला वर्षानुवर्षं कपाटात घडी घालून ठेवल्याचा वास येत होता. मुंगीने त्यांच्या डोक्यावर कागदी टोपी घातली, रबर हनुवटीखाली नीट अडकवलं आणि त्यांचा हात धरून त्यांना केकपाशी नेलं.

पोरांना काडीचंही नवल वाटलं नाही. "आज आजोबा पाच वर्षांचे झाले," असं मुंगीने सांगितलं, सोळा मुलांनी एकदा वर बघितलं आणि भेटवस्तू त्यांच्या हातात द्यायला रांग लावली. नवल वाटलं ते भिंतीला टेकून उभ्या असलेल्या आईबापांना. त्यांतली एक बाई धीर करून पुढे आली.

"काका, कितवा?"

"पाचवा," कुलूपवाले म्हणाले.

"नाही, म्हणजे, तसं..."

"पाचवाच," ते म्हणाले, आणि त्या बाईंच्या मुलाने आणलेलं चावीचं बदक जमिनीवर सोडून त्याच्यामागे निघून गेले.

पाच मेणबत्त्या त्यांनी एका फुंकरीत विझवल्या. मांजरीचा कान कोणालाही न विचारता स्वतः घेतला. संगीतखुर्चीत तर त्यांनी हद्द केली. गाणं थांबायच्या आधीच खुर्चीला धरून उभे राहत, आणि शेवटच्या एका खुर्चीवर ते आणि पुढचे दोन दात नसलेला एक मुलगा असे दोघे अर्धे अर्धे बसले. दोघेही उठेनात.

"मी आधी!"

"मी आधी! माझा वाढदिवस आहे!" कुलूपवाले ओरडले. त्यांची टोपी कानावर आली होती.

सगळे मुंगीकडे बघू लागले. मुंगीने खुर्चीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून दोघांची बसलेली बाजू तपासली आणि म्हणाली, "आजोबा, तुमचं पावच ढुंगण खुर्चीवर आहे. त्याचं जास्त आहे. उठा."

कुलूपवाले उठले. खालचा ओठ पुढे काढून ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, आणि पाच मिनिटं कोणाशी बोलले नाहीत. मग केकचा दुसरा तुकडा मिळाल्यावर बोलले.

बिनचूक दाराशी उभा राहून बघत होता. मुंगी सगळ्यांना ताटल्या देत होती, सांडलेलं पुसत होती, रडणाऱ्याला समजावत होती. टाळ्या तिच्याच सगळ्यांत मोठ्या वाजत होत्या. चेहऱ्यावर कुठे पश्चात्तापाचा लवलेश आहे का, ते तो निरखून बघत होता. काहीच सापडत नव्हतं. वाईट वाटत होतं ते त्यालाच. तिने कागदी टोपी घालून मेणबत्त्या विझवाव्यात आणि आपण ते बघावं, यासाठी तो किती दिवस थांबला होता, हे त्याला आत्ता कळत होतं.

सगळे गेल्यावर त्याने पेन्सिल आणि गुण्या काढला. "चल मुंगे, पाचची उंची."

"माझी नाही," मुंगी म्हणाली. "मी चारच आहे. आजोबा झाले ना पाच."

आणि कुलूपवाले स्वतःहून बूट काढून चौकटीला पाठ लावून, टाचा जुळवून उभे राहिले. छाती पुढे. श्वास रोखलेला.

बिनचूकने बायकोकडे बघितलं. तिने खांदे उडवले. मग काय करणार? समोर माणूस मोजायला उभा आहे आणि आपल्याकडे गुण्या आहे. त्याने खुर्चीवर चढून रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: 'एकशे सदुसष्ट पूर्णांक पाच. वय पाच.'

"वाढलोय?" कुलूपवाल्यांनी विचारलं.

"मागची नोंद नाही," बिनचूक म्हणाला.

त्यानंतरच्या महिन्यांत वाढदिवस दिल्याघेतल्याचे परिणाम एकेक करून दिसायला लागले. शाळेतल्या बाईंनी बिनचूकला बोलावून घेतलं. मुंगी पाच वर्षांच्या मुलांच्या वर्गात पाय ठेवायला तयार नव्हती. ती दारात बसून शिकायची. उत्तरं द्यायची, पण उंबऱ्याबाहेरून. शिवाय वर्गातल्या मुलांनी बाईंना सांगितलं होतं, की पाच वर्षांचे एक आजोबा आहेत आणि ते रोज गैरहजर असतात, तरी त्यांची हजेरी घेतली जात नाही.

"मी काय करू सांगा," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे थकलेले होते. "त्यांना एक दिवस पाठवाल का?"

कुलूपवाले डबा घेऊन गेले. एक दिवस पुढच्या बाकावर बसले, एक गाणं शिकले, एक चित्र रंगवलं आणि जेवणाच्या सुट्टीनंतर सतत बोलतात म्हणून त्यांना मागच्या बाकावर बसवण्यात आलं. सुटताना ते बाईंना म्हणाले, की मुंगीला माझ्या जागेवर बसू द्या, माझी परवानगी आहे. तेव्हापासून मुंगी वर्गात बसू लागली. मात्र हजेरीला ती "त्यांच्या जागी हजर" असं म्हणायची.

पाच वर्षांचं होणं कुलूपवाल्यांना चांगलंच मानवलं. ते सकाळी वर येऊन बेल वाजवत आणि विचारत, "मुंगी खेळायला येते का?" दाराची तीन कुलपं एकावर आली, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे एवढ्या किल्ल्या सांभाळायचं त्यांचं वय नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरचे वकील एकदा कचरा टाकायला बाहेर आले आणि मागे दार लॅचने बंद झालं. अंगात आंघोळीचा झगा, पायात एकच चप्पल. ते तसेच खाली धावले.

"मी पाच वर्षांचा आहे," कुलूपवाले म्हणाले. "मोठं माणूस सोबत असल्याशिवाय मी धारदार हत्यारांना हात लावत नाही."

"अहो, मी आहे ना मोठा!"

"तुम्ही एका चपलेत आलात," कुलूपवाले म्हणाले.

शेवटी मुंगीची आई कामावरून परत येईपर्यंत थांबावं लागलं. ती शेजारी उभी राहिली, "सावकाश, घाई नाही, आता डावीकडे" असं सवयीने म्हणत राहिली, आणि दार अर्ध्या मिनिटात उघडलं. वकील बरेच दिवस त्या दोघांशी बोलले नाहीत.

बिनचूकची मात्र झोप उडायची वेळ आली होती. मुंगी उंची मोजू देत नव्हती. "चारची मोजून झाली," एवढंच म्हणायची. चौकटीवर महिन्यामागून महिने कोरे जात होते. तो नजरेने अंदाज घ्यायचा. ती फ्रिजपाशी उभी राहिली की हँडलपर्यंत किती आलीय ते बघायचा, आणि स्वतःच्याच अंदाजावर विश्वास न बसल्याने चिडायचा. बूट घट्ट झाले तर "बूट लहान झाले" असं ती म्हणे. एकदा तो खोलीत वर्तमानपत्र वाचत बसला होता. संध्याकाळ झाली, अक्षरं दिसेनाशी झाली, आणि अचानक दिवा लागला. बघतो तर मुंगी बटणापाशी उभी. स्टूल नाही, टाचा उंचावलेल्या नाहीत. पूर्वी ती त्या बटणाखाली उभी राहून हाका मारायची. ती दिवा लावून निघून गेली, आणि बिनचूक पान न उलटता बराच वेळ तसाच बसून राहिला.

तो पुन्हा खाली गेला. या वेळी विनवणीच केली. "काका, द्या हो परत. नाहीतरी अर्धं वर्ष झालंच."

कुलूपवाले पायरीवर बसून बदकाला चावी देत होते. "साहेब, तिने मागितलं का?"

"नाही."

"मग? ती मागेल तेव्हा त्याच क्षणी देईन. कागदावर तसं लिहूनही देतो. पण ती मागणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही." त्यांनी बदक सोडलं. ते पायरीच्या टोकापर्यंत गेलं आणि त्यांनी अलगद झेललं. "तुम्हाला वाटतं मी तिचा वाढदिवस घेऊन बसलोय. मला आधी वाटलं, एक दिवस गंमत करून सोडून देईल पोर. पण ती रोज पाळतेय हो. मग मी कसा सोडू?"

बिनचूक वर आला.

मग हिवाळा सरता सरता एका सकाळी मुंगी आंघोळ न करताच त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. मूठ बंद होती. तिने ती उघडली. तळहातावर एक दात होता. खालचा, पुढचा, तांदळाच्या दाण्याहून जरासा मोठा.

"बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "चार वर्षांच्या माणसाचे दात पडतात का?"

त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं. फट होती. हा तर सरळसरळ पुरावा होता, हातात आलेला. महिनोन् महिने तो ज्याची वाट बघत होता ती गोष्ट ती स्वतःच घेऊन आली होती. नाही पडत, एवढे दोन शब्द म्हटले की संपलं. पाच वर्षांची झालीस, उंची मोजू या, चल.

पण मुंगीचे डोळे भरून आले होते. ते दुखल्यामुळे नव्हे. तिने कुणाला तरी काहीतरी दिलं होतं, आणि आता तिचंच तोंड तो दिलेला शब्द मोडू बघत होतं. बिनचूकला ती दुलई गुंडाळून भिंतीपाशी उभी असलेली दिसली. याला वजन नाही, लांबी नाही, आणि तरी हे एवढं मोठं हिच्यात केव्हा वाढलं? मी तर दर महिन्याला मोजत होतो.

त्याने घसा साफ केला.

"पडतात," तो म्हणाला. "काहींचे पडतात. चार वर्षं आणि बरेच महिने झाले की."

"नक्की?"

"मी तपासलंय."

आयुष्यात पहिल्यांदाच बिनचूकने काटा स्वच्छ दिसत असताना चुकीचं वाचलं होतं. त्याचे कान लाल झाले. स्वयंपाकघरात बायको चहा गाळता गाळता थांबली होती. तिने सगळं ऐकलं होतं, आणि तिचा पाय जागचा हललाही नव्हता.

मुंगी डोळे पुसून तडक खाली पळाली. दात दाखवायला हवा होता. बिनचूक कठड्यावरून वाकून बघत राहिला. कुलूपवाल्यांनी चष्मा चढवला, दात उजेडात धरून निरखला, गंभीरपणे मान डोलावली. मग म्हणाले, "असं असतं होय? थांब." आणि त्यांनी तोंडातली कवळी काढून तिच्यासमोर धरली. "माझे बघ. सगळे. एकदम."

मुंगी आ वासून बघत राहिली. मग त्या दोघांनी जिन्यावर बसून इतकं हसून घेतलं, की वरचे वकील दार उघडून बाहेर आले. या वेळी किल्ली हातात घेऊन.

सहाव्या वाढदिवसाच्या सकाळी बिनचूक तिच्या पलंगाच्या कडेवर बसला. "किती वर्षांची झालीस?" त्याने जरा भीतभीतच विचारलं.

"सहा," मुंगी म्हणाली, जणू काही शंकेला जागाच नाही.

"चारनंतर एकदम?"

"मग? पाच वापरून झालं ना त्यांचं." ती उठून दात घासायला गेली.

दुपारी पोरं आली, त्यांत पुढचे दोन नवे दात आलेला तो मुलगाही होता. कुलूपवाले आले ते साध्या कपड्यांत. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली भेट होती. ती त्यांनी मुंगीला दिली आणि भिंतीला टेकून, आईबापांच्या रांगेत, ताटली धरून उभे राहिले. मेणबत्त्या मुंगीने विझवल्या. दोन फुंकरी लागल्या, कारण मध्येच तिला हसू आलं.

बिनचूक त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"कसं गेलं, काका, वर्ष?"

"पाचवं ना?" कुलूपवाल्यांनी केकचा घास सावकाश चावला. "छान गेलं. इतकं छान एकही गेलं नव्हतं. पण फार भरभर गेलं हो. पाच वर्षांचं असायची जरा सवय होतेय तोवर संपलंच."

"हो," बिनचूक म्हणाला. "माझंही."

खोलीच्या मध्यभागी मुंगी दोन भांडणाऱ्या मुलांना वेगळं करून प्रत्येकाला काहीतरी समजावत होती. बोटं मोजून मोजून.

"आता सहावं घ्यायचं नाही का?" बिनचूकने हळूच विचारलं.

"छे," कुलूपवाले म्हणाले. "ती विचारत होती परवा. मी नको म्हटलं. सहाव्याला गृहपाठ असतो म्हणे."

"आजोबा! बाबा!" मुंगी ओरडली. "तुम्ही दोघं भिंतीला टेकून काय उभे राहिलाय? खुर्च्या कमी पडतायत. घेऊन या."

दोघांनी ताटल्या खिडकीत ठेवल्या आणि आतल्या खोलीतून खुर्च्या आणायला गेले.